गयाबाईंच्या अंगणातली काच

आमच्या कॉलेजच्या स्टोअररूममधले जुने मॉनिटर न्यायला गयाबाई वाहुळ आल्या, त्या दिवशी त्यांच्याआधी दोन भंगारवाले येऊन गेले होते. दोघांनीही दारातूनच ढीग बघितला आणि इथंच फोडून नेतो म्हणाले. अख्खे टेम्पोत मावणार नाहीत. आवारात काचा नकोत म्हणून मी दोघांनाही परत पाठवलं. मग कुणीतरी गयाबाईंचं नाव सांगितलं. त्या आल्या त्या थेट आत गेल्या, पदर खोचला, वरच्याच एका मॉनिटरच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं,

"म्याडम, हे शेवटचे कधी चालू व्हते?"

मला प्रश्नाचं कारण कळलं नाही. म्हटलं, "बरेचसे दोन-तीन वर्षं बंदच आहेत. चार-पाच शिपायानं परवा लावून बघितले."

"ते कोणते, ते दाखवा. आन् त्येंना आधी कुनी हात लावू नगा. आत करंट बसलेला असतो."

त्यांनी त्यातला एक उचलून बाहेर पोर्चमध्ये नेला. मागचे स्क्रू काढून कव्हर बाजूला केलं. आत मोठी काचेची पिक्चर ट्यूब आणि तिच्या अंगावर एक लाल रबरी टोपी चिकटलेली. गयाबाईंच्या हातात सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेला एक लांब पेचकस होता आणि त्याच्या दांड्याला एक वायर बांधलेली होती. वायरचं दुसरं टोक त्यांनी आतल्या लोखंडी पट्टीला अडकवलं, एक हात पाठीमागे घेतला आणि दुसऱ्या हातानं पेचकसाचं टोक त्या टोपीखाली सरकवलं. फट्कन आवाज झाला आणि एक निळी ठिणगी दिसली. मी दोन पावलं मागे गेले.

"निघाला," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता कुनाला कायबी करनार नाय."

पंचवीस वर्षं मी कॉम्प्युटर विभागात शिकवत होते. मॉनिटरची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल, याची गणती नाही. पण त्याच्या आत प्रत्यक्ष डोकावायची ती माझी पहिली वेळ होती.

गयाबाई तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. बुटक्या, काटक, रंगानं सावळ्या. केस घट्ट बांधलेले आणि मनगटात बांगडी नाही. कामात अडकते म्हणून काढून ठेवलेली. बोटं मात्र लांब आणि सरळ होती. चार पेचकस, दोन पकडी, एक कातर आणि एक छोटी हातोडी एवढं त्यांचं सामान. लेकीच्या जुन्या शाळेच्या दप्तरात ठेवलेलं. हातोडी मी कधी त्यांच्या हातात बघितली नाही. विचारलं तर म्हणाल्या, "लागंल म्हनून ठिवलीय. अजून लागली नाय."

आमचे सगळे मॉनिटर त्यांनी न फोडता नेले. त्यांचे यजमान सुखदेव लोडिंग रिक्षा चालवायचे. त्यांच्या चार खेपा झाल्या. शेवटच्या खेपेच्या वेळी बोलता बोलता कळलं की त्या आमच्या पुंडलिकनगरलाच राहतात. आमच्या कॉलनीची शेवटची गल्ली संपते तिथून पुढे जी वस्ती आहे तिथं, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. इतकी वर्षं आम्ही एकाच दुकानातून किराणा भरत होतो आणि एकमेकींना ओळखत नव्हतो.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जायला लागले. आधी उत्सुकता म्हणून, नंतर सवय म्हणून. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, पुढे मोठं अंगण, अंगणात कडुलिंब आणि त्याखाली त्यांचा कामाचा पाट. रविवारी दुपारी मी एका उलट्या क्रेटवर बसायची आणि त्या काम करायच्या. मॉनिटर खोलताना त्या कधी घाई करत नसत. निघालेले स्क्रू एका ताटात मापानुसार लावत. प्रत्येक भागाला त्यांनी आपलं नाव दिलेलं होतं. ट्यूबच्या मानेभोवती तांब्याच्या तारेची जी जाड गुंडाळी असते ती 'गळसरी'. पडद्याच्या मागून सगळीकडून फिरलेली लांब कॉइल म्हणजे 'कमरपट्टा'. ॲल्युमिनियमचे दातेरी तुकडे म्हणजे 'फण्या'. ट्यूबला त्या 'ती' म्हणायच्या. गळसरी उतरवली की मानेच्या टोकाशी असलेलं काचेचं बारीक बोंड पकडीनं अलगद मोडायच्या. सूंऽऽ असा आवाज येऊन आत हवा भरायची.

"तिच्यात हवा नसती," त्या मला पहिल्यांदा समजावताना म्हणाल्या. "कंपनीनं काढून घेतलेली असती. तशीच फोडली तर बाहेरची हवा एकदम आत घुसती आन् काच उडती. म्हनून आधी तिला श्वास घ्यू द्यायचा."

मी मान हलवली. हे मी 'निर्वात नलिका' म्हणून शिकवत होते.

हे सगळं त्या शिकल्या रफिकचाचांकडून. पैठणकडच्या गावाहून शहरात आल्या तेव्हा गयाबाई क्रांती चौकातल्या दुकानांमधून पुठ्ठा गोळा करायच्या. तिथंच एका बोळात चाचांचं टीव्ही दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. एकदा त्यांनी एक मेलेला टीव्ही गयाबाईंना देऊन टाकला. गयाबाईंनी तो तिथंच फुटपाथवर दगडानं फोडायला घेतला. चाचा दुकानातून उठून बाहेर आले आणि त्यांनी दगड काढून घेतला.

"ऐसा नक्को माँ," ते म्हणाले. "मरने का है क्या? अंदर आ, बैठ. मैं दिखाता."

त्या दुपारी त्यांनी दुकान अर्धा तास बंद ठेवून एक टीव्ही खोलून दाखवला. दुसऱ्या दिवशी गयाबाईंना एकटीला खोलायला लावला आणि स्वतः हाताची घडी घालून बघत बसले. तिसऱ्या दिवशी आपला जुना पेचकस देऊन टाकला. गयाबाई सांगायच्या, "मला धा वेळा करंट काढायला लावला. धाव्या वेळी म्हनले, अब तू मरती नै, जा." चाचा वारले तेव्हा त्यांच्या घरच्या बायकांत बसायला त्या गेल्या होत्या. कुणी ओळख विचारली तर चाचांची बायको म्हणाली, "इनकी शागिर्द है." हे सांगताना गयाबाईंचा आवाज दरवेळी जरा हळू व्हायचा.

वस्तीत त्या काळी भंगाराचं मोठं काम शेषरावकडे होतं. कचेऱ्या, शाळा, बँका सगळीकडे जुने मॉनिटर जाऊन चपटे येत होते आणि शेषराव ट्रकच्या ट्रक उचलत होता. वस्तीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर दहा-बारा बायका हातोडीनं ट्यूबा फोडायच्या आणि वायरी जाळून तांबं काढायच्या. धुराचा वास आमच्या कॉलनीपर्यंत यायचा. सुरुवातीची पाच-सहा वर्षं गयाबाईंनीही वायरी जाळल्या होत्या. हे त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही. खोकला लागला तेव्हा सोडलं.

एक दिवस त्या प्लॉटवर संगीता नावाच्या शेजारणीच्या डोळ्याखाली काच घुसली. डोळा थोडक्यात वाचला. पुढचं मला संगीतानंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई दप्तर घेऊन प्लॉटवर गेल्या. शेषरावला वाटलं, भांडायला आल्यात. त्यानं आधीच सुरुवात केली, "बाई, दवाखान्याचं मी बघतो म्हनलंय."

"त्यासाठी नाय आले," गयाबाई म्हणाल्या. "दोन डब्बे द्या. सारख्या कंपनीचे, सारख्या मापाचे. एक तुमच्या बाया फोडतील, एक मी खोलते. मंग दोन्हीचं तांबं काट्यावर टाका."

"कशाला?"

"बघू तर."

बायका जमल्या. फोडणारीचं पाच-सात मिनिटांत आटोपलं. तिचं तांबं म्हणजे काच आणि प्लॅस्टिक अडकलेला गुंता. तो तिनं आगीत टाकला आणि काळा करून बाहेर काढला. गयाबाई आपल्या चालीनं खोलत होत्या. गळसरी अख्खी उतरली. कमरपट्टा अख्खा उतरला. सर्किटच्या हिरव्या पाटीवरच्या लहान लहान कॉइली फोडणारीनं फेकून दिल्या होत्या, त्याही गयाबाईंनी कातरीनं सोडवून ठेवल्या. त्यांना दुप्पट वेळ लागला. पण काट्यावर त्यांचं पारडं सरळ खाली गेलं, आणि तांबं नव्या भांड्यासारखं लख्ख.

शेषराव बराच वेळ काट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माल जास्त हाय, कबूल. पर टाइम लई लागतो."

"संगीताचा डोळा गेला असता तर किती टाइम लागला असता?" गयाबाईंनी विचारलं.

त्यांनी आवाज चढवला नव्हता, असं संगीता मुद्दाम सांगते. आठ दिवसांनी शेषरावनं निरोप पाठवला: बायांना शिकवा. गयाबाईंनी कडुलिंबाखाली एकेकीला बसवून शिकवलं. प्रत्येकीला दहा वेळा करंट काढायला लावलं. त्या प्लॉटवरची आग महिन्याभरात बंद झाली. आमच्या कॉलनीतल्या लोकांनी त्या धुराबद्दल किती अर्ज केले होते. तो कुणामुळे थांबला हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नाही.

एक गोष्ट मात्र शेषरावनं ऐकली नाही. तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक सगळ्याला गिऱ्हाईक होतं. उरलेल्या काचेला नव्हतं. ती तो नाल्यात टाकायचा.

"समदेच टाकतात," तो म्हणायचा.

गयाबाईंना ते पटत नव्हतं, पण का पटत नाही हे त्यांना सांगता येत नव्हतं. एका रविवारी त्या मला म्हणाल्या, "म्याडम, त्या काचेत काय असतं? ती इतकी जड काहून हाय? आपल्या खिडकीची काच अशी जड नसती."

हा प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्यानं कधी विचारला नव्हता. मी कॉलेजात शोधाशोध करून एक इंग्रजी माहितीपत्रक छापून आणलं आणि त्यांच्या अंगणात बसून मराठी करत वाचून दाखवलं. या काचेत शिसं असतं, म्हणून ती जड. फुटून मातीत-पाण्यात गेली की शिसं हळूहळू सुटतं. ते पोटात गेलं की रक्तात मिसळतं. गयाबाई हातातलं काम थांबवून ऐकत होत्या. एवढ्यात परीक्षेच्या कामासाठी कॉलेजातून फोन आला. मी बोलत बोलतच उठले आणि कागदाची घडी त्यांच्या हातात देऊन निघाले. त्यांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बुद्धाच्या तसबिरीमागं खोचून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून शेषरावची काच गयाबाईंच्या अंगणात यायला लागली. त्यांनीच त्याला सांगितलं होतं: नाल्यात टाकू नका, माझ्याकडं टाका. त्याला काय, तितकाच वाहतुकीचा त्रास कमी. ट्यूबा आल्या की त्या भिंतीशी ओळीनं उपड्या मांडून ठेवायच्या. एक ओळ भरली, दुसरी भरली. पावसाचं पाणी लागू नये म्हणून वर ताडपत्री घातली. कडुलिंबाखालची जागा आकसत गेली. सुखदेवरावांना रिक्षा बाहेर रस्त्यावर लावावी लागायची. ते फार न बोलणारे गृहस्थ, पण एकदा माझ्यासमोर म्हणाले, "म्याडम, हिला काय सांगा तुमी. घर हाय का गोदाम?"

"नाल्याचं पानी कुठं जातं ते म्याडमला इचारा," गयाबाई म्हणाल्या. "खालच्या वस्तीत हातपंप हायेत. तिथल्या बाया माझ्यासंग भंगार येचायला व्हत्या."

मी त्यांच्यासाठी अर्ज लिहिले. दोन-तीन कचेऱ्यांत आम्ही दोघी जाऊन आलो. ही काच न्यायची कुणी, हे कुणालाच सांगता येईना. एका साहेबांनी तर विचारलं, "बाई, तुम्हाला कुणी सांगितलं होतं ही घरी आणायला?" गयाबाई म्हणाल्या, "कुनी नाय." आणि साहेबांनी बसा म्हणायची वाट न बघता बाकावर बसून राहिल्या. त्यांचा हा एक स्वभाव होता. जायला सांगितलं की त्या नम्रपणे हो म्हणायच्या आणि हलायच्या नाहीत.

असं वर्षभर चाललं. मग पैठण रोडवर चितेगावला अशा भंगाराचा परवाना असलेला एक कारखाना सुरू झाला. तिथले मॅनेजर कुलथे कामाला माणसं शोधत होते. मॉनिटर न फोडता खोलणारी माणसं त्यांना मिळेनात. विचारत विचारत ते वस्तीत आले. गयाबाईंनी त्यांच्यासमोर एक मॉनिटर खोलून दाखवला. कुलथे पँट सावरत शेजारी उकिडवे बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. नंतर म्हणाले, "बाई, उद्यापासून या. आमच्या लोकांना शिकवा."

"येते," गयाबाई म्हणाल्या आणि ताडपत्री बाजूला केली. "आधी ही न्या."

कुलथ्यांनी ओळी बघितल्या. काच कुठं पाठवायची याची त्यांची सोय अजून पक्की झाली नव्हती. ते म्हणाले, "तुम्ही कामावर तर या, काचेचं आपण बघू."

"नाय साहेब. आधी काच, मंग मी."

दीड महिन्यानंतर दोन ट्रक आले. त्या दिवशी मी रजा घेऊन गेले होते. शेवटची ट्यूब ट्रकवर चढली तेव्हा गयाबाईंनी खराटा घेऊन अंगण झाडलं. भिंतीशी ओळींच्या जागी मातीचा रंग वेगळा दिसत होता. त्यांची चार वर्षांची नात आरोही त्या मोकळ्या जागेत पळत सुटली. त्या दिवशी गयाबाईंना मी पहिल्यांदा निवांत बसलेलं बघितलं.

इथं ही गोष्ट संपली असती तर मला सोपं गेलं असतं.

कारखान्यात सगळ्या कामगारांची रक्ततपासणी झाली. गयाबाई रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या. त्या माझ्या घरी कधी येत नसत, मीच जायची. त्या दिवशी सोफ्यावर न बसता दारातच उभ्या राहिल्या. "हे वाचा," म्हणाल्या. रक्तातलं शिसं फार वाढलेलं होतं. पूर्वी वायरी जाळल्या त्याचंही असेल, नंतरच्या काचेचंही. गेल्या काही महिन्यांत त्यांच्या उजव्या मनगटात जोर राहिला नव्हता, पेचकस पकडता पकडता निसटायचा. ते वयामुळे, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं होतं.

मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण होते, सावकाश समजावून सांगणारे. त्यांनी विचारलं, "काम करताना जेवता कुठं?"

"तिथंच. कामाच्या पाटावर."

"हात धुऊन?"

"पदराला पुसून."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "घरात लहान मूल आहे?"

गयाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झालेला मी त्याआधी बघितला नव्हता आणि त्यानंतरही नाही. आरोही वर्षभर त्या काचेच्या ओळींमध्ये दुकान दुकान खेळली होती. फुटक्या काचांचे बारीक तुकडे तिच्या दुकानातली साखर असायचे.

आरोहीचंही रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट यायला चार दिवस लागणार होते. त्या चार दिवसांत गयाबाई कामावर गेल्या नाहीत. घर धुतलं, भांडी धुतली, गोधड्या धुतल्या, अंगणातली वीतभर माती खणून पोत्यांत भरली. मनगट दुखायचं तर डाव्या हातानं कुदळ मारायच्या. लेक प्रणाली, आरोहीची आई, नर्सिंगला होती. ती "आई, पुरे" म्हणायची, पण त्यांना ऐकू जात नव्हतं. मी गेले तर माझ्याशीही बोलल्या नाहीत.

त्याच दिवसांत मी ते माहितीपत्रक पुन्हा उघडलं. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर ते तसंच होतं. मी वाचून दाखवलेला मजकूर जिथं संपला, त्याच्या खाली आणखी एक परिच्छेद होता. फोन आला म्हणून मी तो वाचला नव्हता, आणि नंतर कधी वाचलाच नाही. चार ओळी होत्या. या काचेजवळ लहान मुलांना येऊ देऊ नये. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय अन्नाला हात लावू नये. कामाचे कपडे घरात आणू नयेत. काच राहत्या घराच्या आवारात साठवू नये.

दोन दिवस मी ते कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. आरोहीचं प्रमाण वाढलेलं होतं, पण थोडं. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं. आता संपर्क नको, खाणं-पिणं नीट ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. प्रणाली रडली. गयाबाईंनी नातीला मांडीवर घेतलं आणि तिचे हात उलटेपालटे करून बघत राहिल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मी छापलेला कागद घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. सांगताना माझी नजर जमिनीकडे होती. आत सुखदेवराव पाण्याची बादली भरत होते, तिचा आवाज येत होता.

"मंग आता वाचा," त्या म्हणाल्या.

मी चार ओळी वाचल्या.

"परत वाचा."

मी परत वाचल्या. त्यांनी तसबिरीमागचा जुना कागद काढला आणि माझ्या कागदाशेजारी धरला. वाचता येत नव्हतं, पण खालचा परिच्छेद कुठं आहे ते त्यांनी बोटानं शोधून काढलं.

"इतकंच व्हतं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "तुमच्यामुळं झालं असं म्हनत नाय मी. कागद वर्षभर माझ्या घरात व्हता. घरात शिकलेली पोरगी हाय. मी तिला म्हनले नाय की खाली काय लिवलंय ते बघ. मला वाटलं, मला समदं कळलं."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"उद्या सकाळी या. समद्या बायांना बोलावते. त्यांच्यासमोर वाचा. वरपासून खालपर्यंत. आन् आपन दोघींनी वाचलं नव्हतं, हे बी सांगायचं."

मी आयुष्यभर वर्गासमोर उभी राहिले आहे, पण त्या सकाळी कडुलिंबाखाली अकरा बायकांसमोर उभं राहणं तितकं सोपं नव्हतं. मी कागद वाचला. मग सांगितलं की हा खालचा भाग मी त्या वेळी वाचला नव्हता. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग गयाबाई उभ्या राहिल्या.

"माझ्या नातीच्या रक्तात गेलंय," त्या म्हणाल्या. "मी शहानी समजत व्हते सोताला. तुमाला समद्यांना मीच शिकीवलं, आन् हे शिकीवलं नाय. आपापली पोरं तपासून घ्या. आज चला. मी संग येते."

संगीता सगळ्यात आधी उठली. त्या आठवड्यात गयाबाईंनी वस्तीतल्या सगळ्या पोरांना नेऊन तपासून आणलं. काही घरांतून ऐकून घ्यावं लागलं. एका म्हातारीनं तर दारात उभं करून त्यांना वाटेल ते सुनावलं. गयाबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या आणि तिचं संपल्यावर म्हणाल्या, "आजी, व्हय. चूक माझी हाय. आता पोराला द्या." म्हातारीनं नातू दिला.

दोन पोरांचं प्रमाण जास्त निघालं. त्यांच्या औषधपाण्याकडे प्रणालीनं लक्ष दिलं. सहा महिन्यांनी आरोहीचं प्रमाण उतरलेलं होतं, त्या दोघांचंही. गयाबाईंचं हळूहळू उतरतंय. मनगटातली शक्ती मात्र पूर्ण आली नाही.

डॉक्टरांनी काचेपासून लांब राहायला सांगितलं, म्हणून आता त्या चितेगावच्या कारखान्यात फक्त शिकवतात. कुलथ्यांनी त्यांना टेबल-खुर्ची दिली आहे. त्या खुर्चीवर बसत नाहीत. नव्या बाईला पहिल्या दिवशी मॉनिटरला हात लावू देत नाहीत. तिला त्या फक्त आवाज ओळखायला लावतात. करंट निघाल्याचा आवाज वेगळा, हवा आत गेल्याचा वेगळा. अजून मनगट साथ देतं तोवर पहिला मॉनिटर स्वतः खोलून दाखवतात, डावा हात उजव्याला आधार देत.

मी निवृत्त झाले. नवऱ्याच्या प्रकृतीमुळे आम्ही मुलीकडे नाशिकला जायचं ठरवलं. निघायच्या आधी एकदा भेटावं म्हणून मी बसनं चितेगावला गेले. गयाबाई निळा कोट घालून होत्या, केस टोपीत. मला बघून त्यांनी ओळख करून दिली ती अशी: "ह्या आपल्या म्याडम. ह्यांनी कागद वाचला." कौतुक होतं की दुसरं काही, मी अजून ठरवू शकलेले नाही. पण मला बरं वाटलं.

आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला. नाशिकला पाऊस फार, तर जपून राहा, असं त्यांनी सांगितलं. आरोही पहिलीत गेल्याचं सांगितलं. मी पुन्हा त्या जुन्या विषयाकडे वळायला लागले तशा म्हणाल्या, "म्याडम, ते झालं. आता नाशिकला जाऊन ते उगाळीत बसू नगा." तेवढ्यात पाचची सुट्टी झाली.

फाटकाजवळ एक नळांची रांग आहे. बायका कोट काढून खुंटीला अडकवत होत्या आणि रांगेत उभ्या राहत होत्या. गयाबाई टोकाला उभ्या, साबणाचा डबा घेऊन. प्रत्येकीनं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मनात चाळीस मोजायचे, असा तिथं नियम आहे. प्रणालीनं तो घालून दिला आहे आणि तिची आई तो पाळून घेते. एकीनं घाईनं उरकायला बघितलं. गयाबाई काही बोलल्या नाहीत, फक्त डबा तिच्यापुढे पुन्हा धरला. ती हसून परत नळाशी गेली. कुलथे साहेब गाडीची चावी फिरवत फाटकाकडे निघाले होते.

"साहेब," गयाबाई म्हणाल्या.

"आज मी ऑफिसातच होतो, बाई."

"व्हय, पर दुपारी तुमी शेडमधी येऊन गेले ना."

साहेबांनी चावी खिशात टाकली आणि बाह्या वर केल्या. त्यांच्यामागे मी उभी राहिले. मी कशालाच हात लावला नव्हता. गयाबाईंनी माझ्याही हातावर साबण ठेवला, आणि मी चाळीस मोजले.

बस आली. खिडकीजवळ जागा मिळाली. सगळ्या बायका निघून गेल्या होत्या, कुलथ्यांची गाडीही गेली होती. फाटकाच्या आत गयाबाई एकट्या नळाशी वाकल्या होत्या. डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्या सावकाश साबण चोळत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. त्यांचे ओठ हलत होते. बस सुटली तेव्हाही त्या मोजतच होत्या.